बाविसाव्या मिनिटाचा दोष

मित्रांनो, मी जामनेरच्या एका घरातल्या संगणकात बसवलेले ग्राफिक्स कार्ड आहे. पडद्यावरचे प्रत्येक चित्र आखून, रंगवून पाठवणे हे माझे काम. वय नऊ वर्षे. माझ्या जातीत याला वार्धक्य म्हणतात.

माझी रचना साधी आहे. पातळ पाटीवर तांब्याच्या वाटा, मध्यभागी एक चिप, तिची उष्णता शोषणाऱ्या धातूच्या पट्ट्या आणि वर दोन पंखे. चिप जितकी राबते तितकी तापते. ठरलेल्या मर्यादेपलीकडे तापली की काम थांबवते. माझ्या आयुष्यातले सारे दुःख या एका नियमातून निघाले.

प्रियल शाळेत असताना मी या घरी आलो. तिच्या मैत्रिणी माझी चित्रे पाहून थक्क होत. पुढे ती पदार्थविज्ञान शिकायला जळगावला गेली आणि दोन वर्षे माझ्यावर आच्छादन राहिले.

ते काढले गेले तिच्या आजोबांसाठी. सुरेशचंद शेठ कापसाचे व्यापारी. अर्धांगवायूने त्यांचा उजवा हात लुळा पडला. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी सुचवले, की संगणकाला स्टिअरिंग जोडून गाडीचा खेळ रोज अर्धा तास खेळावा. शेठ नेमाने बसू लागले. मे महिन्यात त्यांनी खोलीतला कूलर स्वतःकडून वळवून माझ्याकडे केला. “हे पण तापतंय बिचारं,” ते म्हणाले. इतकी माया मला पूर्वी कुणी दाखवली नव्हती.

जूनमध्ये खेळ बंद पडू लागला. बाविसाव्या मिनिटाच्या आसपास पडदा काळा होई. शेठ पडद्याकडे पाहत नसत, हाताकडे पाहत. “काहीतरी चुकीचं दाबलं जातंय,” ते पुटपुटत. पाचव्या दिवशी त्यांनी स्टिअरिंग कपाटात ठेवायला सांगितले. त्या दिवसापासून उजव्या हातात चमचा धरण्याचा प्रयत्नही थांबला. दोष माझा होता आणि मला ते सांगता येत नव्हते.

प्रियल सुटीत घरी आली.

“दादाजी, हाताचाच दोष आहे, याला पुरावा काय?”

“पुरावा? गाडी बंद पडते ना, बेटा!”

“हात न लावता पडते का, ते पाहिलंत?”

तिने वही घेतली. एका वेळी एकच बदल, हा तिचा दंडक. खेळ काढून पुन्हा बसवला, फरक नाही. मला चालवणारी प्रणाली बदलून जुनी आवृत्ती घातली, फरक नाही. मग तिने खेळातली अशी शर्यत लावली, जिच्यात गाडी आपोआप धावते. शेठना समोर बसवले, दोन्ही हात मांडीवर.

बाविसावे मिनिट. पडदा काळा.

शेठ बराच वेळ हाताकडे पाहत राहिले. या वेळी निराळ्या नजरेने. माझे तापमान तिने वहीत लिहिले: पंच्याण्णव अंश.

संगणकाची पेटी उघडायला शेठच्या जिनिंगमधले, म्हणजे कापसातून सरकी काढण्याच्या कारखान्यातले, फिटर निंबाभाऊ आले. मूळचे धुळ्याकडचे, खानदेशी बोलणारे. घर जिनिंगच्या आवारातच असल्याने कापसाचे तंतू हवेत नेहमीचेच. कूलरच्या दमट वाऱ्याने ते माझ्या पट्ट्यांवर थापले गेले होते आणि सुकून त्यांचे घोंगडीसारखे जाड अस्तर झाले होते. निंबाभाऊंनी ते चिमट्याने ओढून काढले.

“शेठ, वजनमा कापूस कमी भरस ना? हाऊ दखा, बठ्ठा आठे शे!”

वजनात कमी भरणारा सगळा कापूस इथेच सापडला, हे ऐकून कित्येक आठवड्यांनी शेठ हसले. पट्ट्या साफ झाल्या, चिपची उष्णता पट्ट्यांकडे नेणारा सुकलेला लेप बदलला, कूलर पुन्हा माणसांकडे वळला. आपोआप धावणारी शर्यत तासभर अखंड चालली. तापमान बहात्तर.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टिअरिंग कपाटातून निघाले. बाविसावे मिनिट गेले, तेविसावे गेले. सव्विसाव्या मिनिटाला गाडी वळणावर सरळ भिंतीवर आदळली. प्रियल पुढे झुकली. पडदा मात्र उजळ होता.

“ही चूक माझी,” शेठ म्हणाले. “वळायला उशीर केला.” आणि उजव्याच हाताने त्यांनी गाडी मागे घेतली.

मित्रांनो, मी आणखी किती वर्षे टिकेन, ठाऊक नाही. यंत्रांवर माया करा, पण त्यांना अधूनमधून उघडून पाहा. आणि एखादा माणूस न तपासलेला दोष स्वतःच्या माथी घेत असेल, तर त्याचे हात मांडीवर ठेवून ते बाविसावे मिनिट एकदा त्याच्यासोबत मोजा.