ती जागेवर नव्हती

सोमवारी सकाळी शिवप्रियाने भाकरी थापल्या, सासऱ्यांचा चहा ओट्यावर ठेवला आणि डबा भरून पिशवीत घातला. रोजच्यासारखीच सकाळ. फरक एवढाच, की धाकटी जाऊ निकिता कालपासून दवाखान्यात होती. मूल पोटात आडवं होतं. दहा वाजता सिझेरियन ठरलं होतं.

परंड्यातल्या त्याच खाजगी दवाखान्यात शिवप्रिया कामाला होती. तिचा नवरा शिवानंद चार वर्षांपूर्वी कुर्डुवाडीच्या रस्त्यावर अपघातात गेला. आधी तिने दवाखान्यात फरशी पुसली. मग डॉक्टरबाईंनी तिला सोलापूरला शिकायला पाठवलं, आणि गॅसरूम तिच्या ताब्यात आली. ऑक्सिजनचे मोठे सिलिंडर तिथे दोन रांगांत उभे असत, उजवी रांग चालू, डावी राखीव. तिथून नळ्या भिंतीतून ऑपरेशन थिएटरात आणि पेशंट शुद्धीवर येईपर्यंत ठेवतात त्या रिकव्हरी रूममध्ये जात. चालू रांग संपत आली की राखीव रांगेचा व्हॉल्व्ह हाताने उघडावा लागे. दाब घसरला की लाल दिवा लागून अलार्म वाजे. हे सगळं सांभाळणारी दवाखान्यात ती एकटीच होती.

ती चप्पल घालत असताना सासूबाई, गौराबाई, दारात येऊन उभ्या राहिल्या.

"आज जाऊ नको तू."

"आत्याबाई, आज तर जायलाच पायजे. चालू रांग अकराच्या आसपास संपतीय."

"बघंल की दुसरं कुणी. लई वर्सानं घरात पाळणा हलणार हाय. तिथं तुझं रिकामं कपाळ आडवं नको यायला."

शिवप्रिया खाली मान घालून उभी राहिली. असं बोलणं तिला नवं नव्हतं. निकिताच्या ओटीभरणीला ती मागच्या खोलीत लाडू वळत बसली होती, बाहेर गाणी चालली होती. पण काल संध्याकाळी निकिताने तिचा हात धरून सांगितलं होतं, "अक्का, तुम्ही तिथं असला तर मला भ्या न्हाय वाटत."

ती गेली.

साडेनऊला निकिताचं स्ट्रेचर थिएटरकडे निघालं. वाटेत गॅसरूम लागायची. दारातल्या स्टुलावर दाबाची नोंद करत बसलेली शिवप्रिया दिसताच निकिता हसली. तेवढ्यात गौराबाईंचा आवाज चढला.

"हिला उठवा हितनं! माझी सून आत चाललीय आन् ही रांडमुंड समोर बसलीय!"

बाकड्यांवरची सगळी माणसं वळून बघू लागली. दिराने, गौरीशंकरने, आईचा हात धरला. पण तो काही बोलला नाही. व्यवस्थापक अमरसिंह धावत आले. त्यांनी एकदा माणसांकडे पाहिलं, एकदा शिवप्रियाकडे.

"ताई, तासाभराचा प्रश्न आहे. मागं कपड्यांच्या खोलीत बसा. पेशंटची माणसं नाराज नकोत."

"साहेब, माझी सकाळची फेरी व्हायचीय. अकराला डाव्या रांगेचा व्हॉल्व्ह उघडावा लागंल. लाल दिवा लागला तर..."

"बघतो मी, बघतो," अमरसिंह फोन कानाला लावत म्हणाले.

शिवप्रिया उठली. चादरींच्या ढिगाशेजारी जाऊन बसली.

सव्वादहाला मुलगी झाली. रक्तस्राव बराच झाला, पण डॉक्टरबाईंनी तो आटोक्यात आणला. गुंगीत असलेल्या निकिताला ऑक्सिजनचा मास्क लावून रिकव्हरीत हलवलं आणि डॉक्टरबाई खालच्या मजल्यावर पेशंट तपासायला गेल्या. नर्स एकच होती. ती बाळाला पुसत होती.

अकराला दहा मिनिटं असताना अलार्म वाजला. माणसं घाबरून उठली. अमरसिंहांनी येऊन पॅनेलवरचं आवाज बंद करायचं बटण दाबलं. "काही नाही, मशीन बिघडलंय," असं सांगून ते पुन्हा फोनवर बोलू लागले. निकिताच्या तोंडावर मास्क तसाच होता, त्यामुळे सगळं ठीक आहे असं वाटत होतं. मास्कमध्ये मात्र काहीच येत नव्हतं, आणि गुंगीत तिचा स्वतःचा श्वास पुरत नव्हता.

नर्सने वळून पाहिलं तेव्हा निकिताचे ओठ निळे पडले होते. तिने कोपऱ्यातला छोटा सिलिंडर ओढला. तो उघडायचा पाना जागेवर नव्हता. रोज सकाळच्या फेरीत तो पाना जागेवर आहे का, हे शिवप्रिया बघायची. आज फेरीच झाली नव्हती.

मागच्या खोलीत अलार्म ऐकू आला नव्हता, पण शिवप्रियाला राहवेना. अकरा वाजताच ती पळत निघाली. गॅसरूममध्ये काटा शून्यावर होता. तिने डावीकडचा व्हॉल्व्ह फिरवला. नळीत फुसकन आवाज झाला, काटा वर चढला. अर्ध्या मिनिटाचं काम.

नर्सच्या हाकेने डॉक्टरबाई वर धावत आल्या. त्या पाऊण तास निकिताच्या छातीवर दाब देत राहिल्या. निकिता परत आली नाही.

गौराबाईंनी जमिनीवर कपाळ आपटून घेतलं. मग शिवप्रियाकडे बोट करून त्या ओरडल्या, "हिनंच खाल्ली गं माझी सून! सांगत व्हते, हिला म्होरं येऊ देऊ नका!"

गौरीशंकर भिंतीला टेकून उभा होता. "वहिनी, काय झालं सांगा," तो म्हणाला. तिने सगळं सांगितलं. ऐकता ऐकता तो खाली बसला. "सकाळी म्या तोंड उघडायला पायजे व्हतं," एवढंच तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी अमरसिंहांनी तिच्यापुढे कागद ठेवला. सिलिंडर सदोष होता, असं लिहून द्यायचं होतं. शिवप्रियाने तो बाजूला सारला आणि कोऱ्या कागदावर लिहिलं: "सिलिंडर चांगला होता. अलार्मही वाजला होता. मी विधवा आहे म्हणून मला उठवलं. आणि मी उठले. मी उठायला नको होतं." तो कागद तिने स्वतः नेऊन डॉक्टरबाईंच्या हातात दिला.

सुतक फिटल्यावर, पंधराव्या दिवशी, बेंबळीहून एक म्हातारी सुनेला घेऊन आली. थिएटरबाहेर नारळ ओवाळताना तिची नजर गॅसरूमच्या दारात बसलेल्या शिवप्रियाच्या रिकाम्या कपाळाकडे गेली.

"बाई, जरा बाजूला व्हय. सून आत चाललीय."

"आजी, तुमची सून आत जो श्वास घेणार हाय, तो हितनं जातोय," शिवप्रिया म्हणाली. "म्या हलणार न्हाय."

अमरसिंह लांब उभे होते. ते पुढे आले नाहीत. म्हातारी पुटपुटत बाकड्यावर बसली. ऑपरेशन दुपारी संपलं. तोवर शिवप्रिया पाणी प्यायलाही उठली नाही.

त्याच दुपारी घरी निकिताच्या लेकीचं बारसं झालं. शेजारच्या सवाष्णी आल्या, पाळणा म्हटला, बाळ पाच जणींच्या मांडीवर फिरलं. शिवप्रियाला कुणी बोलावलं नव्हतं. लेकीचं नाव काय ठेवलं, ते तिला संध्याकाळी गल्लीतल्या पोरींनी सांगितलं.