वरून काढलेला मका

मी एक जुनी कणगी आहे, मित्रांनो, आणि अभिमानानं सांगावं असं माझ्याकडे आता फारसं उरलेलं नाही. मोरेलोस राज्यातल्या या अंगणात माझ्या धन्याच्या, तेओफिलोच्या, वडिलांनी माती आणि गवत तुडवून मला घडवलं. पोट घागरीसारखं गोल, डोक्यावर गवताचं छप्पर. छपराखालच्या तोंडातून मका भरायचा. खाली बेंबीसारखं भोक आहे, त्याचा बोळा काढून रोज लागेल तेवढा घ्यायचा. म्हणजे आधी आलेला मका आधी संपतो.

इथे पावसाचा भरवसा नाही. एका साली कणसं ठेवायला जागा पुरत नाही, दुसऱ्या साली उभी ताटं करपतात. चांगल्या सालचा मका वाईट सालापर्यंत सांभाळून न्यायचा, हे माझं काम. शेजारणी माझ्या पोटावर थाप मारून तेओफिलोच्या बायकोला म्हणायच्या, "कांदेलारिया, ही आहे तोवर तुला कसली काळजी गं!" तेव्हा मी मनात फुगून जायचे.

मग काही सालं उदंड पिकलं. माझ्यात जुना मका शिल्लक होता, त्यावरच नवा ओतला. नव्या मक्याच्या टॉर्टिया, म्हणजे पातळ भाकऱ्या, मऊ होतात, म्हणून तेओफिलो शिडी लावून वरूनच मका काढू लागला.

"अहो, खालून काढा ना. मामंजी खालूनच काढायचे."

"जुनं खायला मी काय कोंबडा आहे? राहू दे खाली, अडीअडचणीला होईल."

"होईल हो! आणि शिडीवरून पडलात की पाय चेपायला मी आहेच."

ती हसली, आणि गरम टॉर्टिया तिनंही चवीनं खाल्ली. पुढेही तेच. वरचा खायचा, वर नवा ओतायचा. तळाला किडे लागले ते मला कळत होतं. आत सारखी कुरकुर चालायची. पण मला सांगता येईना, आणि बाहेरून मी तशीच गोल, गच्च भरलेली दिसत राहिले. त्या दिसण्याचीच मला लाज वाटते.

एका साली जुलैत पाऊस गेला तो परत आलाच नाही. शेजारी मिळेल तिथून मका घरात आणत होते. तेओफिलोनं माझ्याकडे पाहिलं आणि तो निवांत राहिला. वरचा मका संपला तेव्हा कांदेलारियानं बोळा काढला. खाली पीठ पडलं आणि त्यात वळवळणारे किडे.

"अजून आत हात घाल. आत चांगला असेल," तेओफिलो म्हणाला.

तिनं खांद्यापर्यंत हात घातला. "नाही हो. सगळे दाणे पोकळ आहेत."

तोवर गावात कोणाकडे देण्याइतका मका उरला नव्हता. तेओफिलो उत्तरेकडे, सीमेपलीकडच्या देशात कामाला निघाला. जाताना माझ्या अंगावर हात ठेवून म्हणाला, "हिचा काय दोष? जिभेचे चोचले माझे." त्यानं मला दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मित्रांनो, भरलेलं पोट बाहेरून पाहून निर्धास्त होऊ नका. तळाशी हात घाला. जुनं आधी खा, मग नव्यावर ताव मारा. वाईट साल सांगून येत नाही.

यंदा पीक चांगलं आलं. परवा तेओफिलोचा फोन आला. कांदेलारिया माझ्याशेजारीच उभी होती.

"कणगी भरली का गं?"

"भरली," ती म्हणाली. "पण एकटीनं किती खाऊ?"