घशातला बार

मी एक जुनी चकमकीची बंदूक आहे. मित्रांनो, असं म्हणायची रीत आहे म्हणून म्हणते; मला मित्र नाहीत आणि नकोतही. टेनेसीच्या डोंगरात, टिपटन मंडळींच्या घरात माझं आयुष्य गेलं. त्यांच्यापैकी एकाचंही मी भलं चिंतलेलं नाही.

एका लोहाराने लोखंडाची पट्टी तापवून, ठोकून माझी नळी वळवली आणि तिला मेपलचा दस्ता बसवला. तेव्हा मी देखणी होते. चाप ओढला की गारगोटी पोलादावर घासायची, ठिणगी रंजकीत, म्हणजे नळीच्या भोकाशी ठेवलेल्या चिमूटभर दारूत, पडायची आणि बार उडायचा. एझ्रा टिपटन मला ओंडक्यावर टेकवून नेमबाजीच्या शर्यती जिंकायचा. पहिल्या नंबराला बैलाची मागची तंगडी मिळायची. घरचे सगळे त्या मांसावर ताव मारायचे, शेजारी एझ्राची वाहवा करायचे आणि मी कोपऱ्यात उभी असायचे.

मग एका धुक्याच्या सकाळी अस्वल डुकरांच्या कोंडवाड्यात शिरलं. एझ्राने रंजक दमट ठेवली होती, म्हणून बार उडाला नाही. शिव्या मात्र मी खाल्ल्या. "ऐन वेळी दातखीळ बसली का गं तुझी, करंटे?" असं म्हणत त्याने मला तशीच, भरलेलीच, चुलीवरच्या खुंट्यांना अडकवलं. अस्वल परत आलं की बघू, म्हणाला. अस्वल आलं नाही. पुढे एझ्रा वारला, आणि बार माझ्या घशात राहिला. बंदुकीची दारू कोरडी असली की शिळी होत नाही, मित्रांनो. माझा रागही तसाच राहिला.

आता या घरात एझ्राच्या पणतीचा आणि पणतूचा काळ आहे. थोरली ओर्वा मागच्या शेडमध्ये जुन्या बंदुका दुरुस्त करते. धाकटा लुथर बढाया मारतो. दोघं लहानपणापासून एकमेकांना पाण्यात पाहतात. लुथरने माझा जुना गज, नळीत दारूगोळी ठासायची काठी, गांधीलमाश्यांचं पोळं पाडताना मोडला आणि हिकरीच्या लाकडाचा नवा केला. कसा केला, तेही ऐका. काठी माझ्या नळीत घातली, जिथे टेकली तिथे नळीच्या तोंडाबरोबर कापली आणि सगळ्यांना सांगितलं, "गज तोंडाबरोबर बसला की बंदूक रिकामी समजायची." काठी बुडाला टेकलीच नव्हती. ती पणजोबाच्या गोळीवर टेकली होती. मूर्खाने मला भरलेली मोजली आणि रिकामी ठरवली.

परवा त्याला शर्यतीत मिरवायची हौस आली. त्याने मला ओर्वाच्या टेबलावर आदळलं.

"ताईसाहेब, शनिवारच्या आत हिचा गंज काढून द्या."

"आपटायला ती तुझी सासू आहे का, लुथऱ्या?" ओर्वा म्हणाली.

तिने दस्ता वेगळा केला आणि नळी पकडीत आवळली. माझं तोंड दाराकडे झालं. दारात लुथर मक्याचा पाव चघळत उभा होता. बुडाचा स्क्रू गंजून बसला होता. तो तापवल्याशिवाय सुटणार नव्हता. तिने गॅसची बत्ती पेटवली. मित्रांनो, मी खोटं बोलत नाही, मला आनंद झाला. आच बुडाला लागली की माझा घसा मोकळा होणार होता, आणि तो लुथरच्या पोटात.

"भरलेली नाही ना?" तिने विचारलं.

लुथरने गज आत सोडला. तो बरोबर तोंडाशी बसला. "बघ. रिकामी. आता मुहूर्त काढतेस का?"

ओर्वाने गजाकडे पाहिलं, मग भावाकडे पाहिलं, आणि बत्ती विझवली.

"काय झालं आता?"

"हा गज तू केलास ना?"

"मग कोणी करायचा?"

"तुझ्या हातचं आजवर काही सरळ झालंय का?" तिने आपली काठी आत घातली, तोंडाशी अंगठ्याने धरली, बाहेर काढली आणि नळीच्या बाजूला लावली. ठिणगी जिथून आत जाते त्या बुडाजवळच्या भोकापर्यंत काठीचं टोक पोचलंच नाही. तीन बोटं अलीकडे थांबलं.

लुथरने पाव खाली ठेवला. नळीच्या तोंडासमोरून तो बाजूला सरला आणि भिंतीला टेकून उभा राहिला.

ओर्वाने भोकातून साबणाचं पाणी सोडलं, माझी दारू बुडवली आणि पेच घालून गोळी ओढून काढली. गोळीभोवती एझ्राच्या सदऱ्याची चिंधी होती. इतकी वर्षं जपलेला माझा बार काळा चिखल होऊन बादलीत पडला. मला तिचा संताप आला, अजून येतो.

"तू गजावर विश्वास का नाही ठेवलास?" लुथरने हळूच विचारलं.

"गजावर नाही, तुझ्यावर," ती म्हणाली. "आणि शनिवारी ही मी नेणार."

त्याने आपला गज गुडघ्यावर मोडला आणि नव्या गजासाठी हिकरीची काठी तिच्यापुढे ठेवली.

मित्रांनो, मला तेल लावा, ऊब द्या, असं मी विनवणार नाही. कोणी बंदूक पुढे करून 'रिकामी आहे' म्हणालं, मग तो सख्खा भाऊ का असेना, तर आधी स्वतः काठी घालून बघा आणि काठी बाहेरून लावून पाहा. माझ्याकडून दयेची अपेक्षा ठेवू नका. लुथर आज जेवतो आहे, कारण त्याच्या बहिणीला तो आवडत नाही.