सवड शून्य

माझी मुलगी इंडस्ट्रियल मॅथेमॅटिक्स आणि ऑपरेशन्स रिसर्च शिकते. हे न अडखळता म्हणायला मला वर्ष लागलं. नातेवाइकांना त्यातला ‘ऑपरेशन’ एवढाच शब्द ऐकू येतो. माझ्या नणंदेनं तर घरी आल्या आल्या तिच्यापुढे पाय पसरला आणि सुजलेला घोटा दाखवून विचारलं, कापावा लागेल का गं? आमच्या कन्यारत्नानं न हसता सांगितलं, आत्या, मी माणसं कापत नाही, कामाचा वेळ कापते. नणंद अजून गावभर सांगते की भाची हाडांची डॉक्टर होणार आहे. मी दुरुस्त करायचं सोडून दिलंय.

माझा पडद्यांचा कारखाना आहे. म्हणजे खाली एक लांबलचक खोली, त्यात कापायचं टेबल, शिलाई मशीन आणि इस्त्रीचा ओटा, अन् वर आम्ही दोघी राहतो. हॉटेलं, दवाखाने, सभागृहं, सगळीकडे आमचे पडदे लागतात. माप मी घेते, चुण्या मी आखते, आणि बाहेर जाणारा एकूण एक पडदा माझ्या नजरेखालून जातो. आपला हात जगन्नाथ. माणसं वाईट नाहीत, कटर मास्तर तर माझ्याआधीपासून या धंद्यात आहेत. पण दुसऱ्यानं तपासलेला पडदा मी पुन्हा तपासते, नाहीतर मला जेवण जात नाही.

आणि माझा उजवा गुडघा कामातून गेलाय. डॉक्टर म्हणाले, बदलावा लागेल, आणि त्यानंतर दीड महिना कारखान्याचं तोंड बघायचं नाही. मी म्हटलं, बघू, सवड मिळाली की. हे मी त्यांना तीनदा म्हटलंय. मी जिना कशी उतरते ते पोरगी खालून बघत असते आणि ओठ घट्ट मिटून घेते. ही सवय तिच्या वडिलांची.

शेवटच्या वर्षाला तिला प्रकल्प होता. खऱ्या धंद्यातला खरा प्रश्न घ्यायचा, तो गणितानं सोडवायचा, आणि परीक्षेला त्या धंद्याच्या मालकालाही समोर आणून बसवायचं. घरचाच धंदा असताना बाईसाहेब बाहेर कशाला जातील? मला म्हणाली, आई, तू ग्राहक, तुझी अडचण सांग. मी म्हटलं, ऑर्डरी लवकर बाहेर पडायला हव्यात, दुसरं काही नको.

मग ती खाली स्टूल टाकून बसली. कोण काय करतो, कोणाचं काम कोणासाठी अडतं, सगळं टिपून घेतलं आणि भिंतीवर एक भलामोठा कागद लावला. त्यावर नुसते चौकोन आणि बाण. एक चौकोन म्हणजे एक काम, आणि त्याच्याखाली एक आकडा. ते काम किती वेळापर्यंत रेंगाळलं तर ऑर्डरला उशीर होणार नाही, हे सांगणारा. इंग्रजीत त्याला काहीतरी वेगळं म्हणतात, ती आम्हाला कळावं म्हणून सवड म्हणायची. इस्त्रीला सवड होती. मास्तरांना होती. माझ्या प्रत्येक चौकोनाखाली शून्य.

मला काय आनंद झाला म्हणून सांगू. येणाऱ्या-जाणाऱ्याला हाताला धरून तो कागद दाखवला. म्हटलं, बघा, माझ्यावाचून इथं पान हलत नाही, आता विद्यापीठानंच सांगितलंय. पोरगी कपाळाला हात लावून म्हणाली, अगं, हे बक्षीस नाही, हे दुखणं आहे, तू शिंकलीस तरी ऑर्डर लांबते. मी म्हटलं, मग शिंकत नाही.

आठवड्याभरानं तिनं दुसरा कागद लावला. मापं पडदे लावायला जाणाऱ्या फिटरकडे, चुण्या आणि तपासणी शिंप्यांकडे. मी चष्मा लावून वरपासून खालपर्यंत माझा चौकोन शोधला. नव्हताच. आता एक हॉटेलची ऑर्डर या कागदाप्रमाणे करून बघायची, म्हणे, आणि तोवर मी खाली उतरायचं नाही. माझं डोकंच फिरलं. ज्याच्या मांडीवर बसायचं त्याचीच दाढी उपटायची, तसला प्रकार. मला दाढी नाही, एवढंच. बरीच वादावादी झाली आणि शेवटी पैज लागली. ऑर्डर नीट आणि वेळेत गेली तर मी ऑपरेशनची तारीख घ्यायची. नाही गेली तर तिनं गुडघ्यातला ‘ग’सुद्धा काढायचा नाही.

मी वर बसले. खालची मशिनं ऐकत बसले, खरं तर. एका दुपारी ती सगळी एकदम थांबली. इस्त्रीवाली पाणी प्यायला वर आली तेव्हा कळलं की कापडावर उडते पक्षी होते, आणि मास्तरांनी अर्धा माल उलटा कापला होता. सगळे पक्षी चोच खाली करून जमिनीवर आपटायला निघालेले. मला वाईट वाटलं असं म्हणाले तर खोटं होईल. मी वेणी घातली, चपला चढवल्या आणि आता बोलवायला येतील म्हणून दाराशी खुर्ची टाकून बसले.

कोणी आलं नाही. थोड्या वेळानं मशिनं पुन्हा सुरू झाली. चूक शिंप्यांनीच पकडली होती, मास्तर ओशाळून दुकानात जाऊन नवं कापड घेऊन आले होते, आणि कोणालाही मला विचारावंसं वाटलं नव्हतं. मी चपला काढून ठेवल्या. तेव्हा मात्र मला वाईट वाटलं, अगदी रडू येईल इतकं.

ऑर्डर नीट गेली, पण एक दिवस उशिरा. हॉटेलवाल्याला त्याचा पत्ताही नव्हता, त्याच्या भिंतींचा रंगच अजून ओला होता. पण पैज ती पैज. मी म्हटलं, हरलीस. तिनं ओठ मिटले आणि गुडघ्याचा विषय खरंच बंद केला.

परीक्षेच्या दिवशी मी नवी साडी नेसून गेले. लांब टेबल, पलीकडे सर, भिंतीवर प्रोजेक्टरचा उजेड आणि त्यात आमचा कारखाना, चौकोन न् बाण होऊन. पोरगी सुरुवातीला चाचरली, मग अशी काही सुटली की बघत राहावं. निम्मं माझ्या डोक्यावरून गेलं, तरी माझी छाती फुगली होती.

मग सरांनी चष्मा काढला. जुन्या पद्धतीनं हीच ऑर्डर एक दिवस आधी गेली असती, म्हणाले. ग्राहकाला घाई होती असं तुम्हीच लिहिलंय. मग तुम्ही सुधारलंत काय? ती म्हणाली, मी वेळ कमी करायला घेतलाच नव्हता, मला एका माणसाची सवड वाढवायची होती.

“उद्दिष्ट विद्यार्थ्यानं ठरवायचं नसतं,” सर म्हणाले. “ते ग्राहक ठरवतो. ग्राहकानं हे मागितलं होतं का?”

माझी मुलगी खोटं बोलत नाही. लहानपणी फुटलेली काचसुद्धा स्वतः आणून दाखवायची. ती मान खाली घालून उभी राहिली, आणि आता ही ‘नाही’ म्हणणार आणि वर्षाची मेहनत पाण्यात जाणार, हे मला स्वच्छ दिसलं. मी टेबलाला धरून उठले.

“मीच मागितलं होतं,” मी म्हटलं.

नेमकं काय मागितलं होतं, सरांनी विचारलं. इथं माझी पंचाईत झाली. थाप मारली खरी, पण पुढचं काही तयार नव्हतं. मग जे तोंडाला आलं ते बोलले.

“गुडघा दुखतो, सर. रोज दुखतो. मी दमलेय. पण मी बसले तर सगळं बसेल, अशी मला भीती होती. नाही बसत, हे कोणीतरी करून दाखवायला हवं होतं. एक दिवस उशीर झाला, तो मला परवडतो.”

बोलता बोलता माझाच आवाज मला ओळखू येईना. सरांनी चष्मा पुन्हा लावला, काहीतरी लिहिलं आणि तिला पुढचा प्रश्न विचारला. तिनं उत्तर दिलं, पण बघत माझ्याकडेच होती.

बाहेर आल्यावर तिनं माझा हात धरला.

“आई, तू असं काही मागितलं नव्हतंस.”

“मागायचं राहून गेलं होतं,” मी म्हटलं.

मग ती तिथंच, येणाऱ्या-जाणाऱ्या पोरांच्या देखत रडायला लागली, आणि मी तिला माझा रुमाल दिला आणि सांगितलं, रडून झालं की डॉक्टरांना फोन लाव.