शिंकणाऱ्या राक्षसाची हकिगत

मित्रांनो, मी एक जुना राक्षस आहे. एवढं वाचून पळू नका. मला दोन पाय आहेत, पण ते सिमेंटात घट्ट रोवलेले आहेत, त्यामुळे मी कुणाच्या मागे लागू शकत नाही. दात बत्तीसच्या जागी चौदाच आहेत आणि तेही लाकडाचे. एका खेळबागेतल्या गुहेत, अगदी शेवटच्या वळणावर, मी पन्नास वर्षं एकाच जागी बसून आहे. मुलं होडीत बसून येतात, मला पाहतात आणि किंचाळत उजेडात निघून जातात. माझं आयुष्य म्हणाल तर एवढंच. पण गेल्या हंगामात असं काही घडलं की ते सांगितल्यावाचून मला राहवत नाही.

ही बाग ज्यांनी काढली त्या थोरल्या मालकांनीच मला घडवलं. लोखंडी पट्ट्या वाकवून त्यांनी माझ्या बरगड्या केल्या, त्यावर जाळी ताणली, जाळीवर गोणपाट आणि गोणपाटावर प्लास्टर. प्लास्टर संपलं म्हणून शेपटी राहून गेली. कुणी विचारलंच तर "तो शेपटीवर बसलाय," असं ते ठोकून देत. माझ्या पोटात एक चाक आहे. त्या चाकाच्या कडेला उंचवटे आहेत, आणि चाक फिरलं की ते उंचवटे तारा ओढतात. नाकातून पाण्याचा बारीक फवारा सोडत मी मान खाली घालून बसायचो. होडी वळणावर आली की झटक्यात मान वर, जबडा सताड उघडा, आणि पोटातल्या भात्यातून अशी डरकाळी की भल्याभल्यांची पाचावर धारण बसावी. मग सावकाश मान खाली. पुढच्या होडीला पुन्हा तेच. स्वतःच्या तोंडाने सांगू नये, पण मी फार चांगला घाबरवत असे.

बाग उघडली त्या दिवशी पहिल्या होडीत मालकांची दोन मुलं होती. दादा सहा वर्षांचा आणि त्याची धाकटी बहीण चार वर्षांची. मी डरकाळी फोडली मात्र, दादाने होडीतून थेट पाण्यात उडी टाकली आणि गुडघाभर पाण्यातून तो धूम पळाला. बहीण होडीतच बसून राहिली आणि मला टाळ्या वाजवू लागली. दादाचं ते पळणं तिच्याशिवाय आणि माझ्याशिवाय कुणी पाहिलं नाही. बाहेर गेल्यावर त्याने सांगितलं की पाणी किती खोल आहे ते तो बघत होता.

पुढे थोरले मालक गेले आणि भावाबहिणीचं पटेनासं झालं. बागेचे दोन भाग झाले आणि मधे भिंत आली. "गुहेकडचा भाग तिला द्या, मला मोकळी जागा चालेल," असं दादा म्हणाला. भावाचं मन किती मोठं म्हणून लोकांनी कौतुक केलं. मन मोठं होतं की भीती मोठी होती, ते मला ठाऊक होतं. पण मला विचारतो कोण!

तेव्हापासून दोन्ही बागांची चुरस सुरू झाली. दादाला यंत्रांचं वेड. दर हंगामाला त्याच्याकडे काही ना काही नवं यायचं. एका वर्षी गरगर फिरणारी छत्री, दुसऱ्या वर्षी उलटीपालटी होणारी गाडी. त्याच्या यंत्राचा एक खिळा कधी सैल सापडायचा नाही; रोज सकाळी तो स्वतः तेलाचा डबा घेऊन फिरायचा आणि पहिल्या फेरीत स्वतः बसायचा. पण त्या बागेत नावाला झाड नव्हतं. दीड मिनिटाच्या मजेसाठी तासभर उन्हात उभं राहायचं, आणि समोर बघायला काय, तर करडं सिमेंट. आमच्या ताईंचं, म्हणजे त्या टाळ्या वाजवणाऱ्या बहिणीचं, नेमकं उलटं. नवं यंत्र क्वचितच. सगळा जोर झाडांवर, खोट्या डोंगरांवर आणि रंगांवर. कचऱ्याचे डबे बेडकाच्या आकाराचे होते. "आ" करून बसलेल्या बेडकाला भरवायला मिळावं म्हणून मुलं खाली पडलेले कागद शोधत फिरायची. मात्र तेलाचं नाव कुणी काढायचं नाही. माझी मान कुरकुरायची, गुडघे गंजले होते. अंगावर दर वर्षी नवा हिरवा रंग चढायचा आणि आत सगळा खडखडाट. वरून कीर्तन, आतून तमाशा म्हणतात तसं. याचं मला वाईट वाटायचं, पण राक्षसाने रडायचं तरी कुणापुढे?

आमचा सगळा कारभार दोघांच्या हाती होता. फिटरकाका यंत्रं बघायचे आणि रंगारीणबाई बाकी सगळं रंगवायच्या. या बाईंना एक खोड होती. थांबलेली वस्तू दिसली की ती रंगवायची. एकदा बाकावर डुलकी काढणाऱ्या फिटरकाकांचे बूट त्यांनी पिवळे करून टाकले होते. फिटरकाकांचीही एक खोड होती. आपल्याला एखादी गोष्ट आठवत नाही, हे ते मेले तरी कबूल करायचे नाहीत.

दोन वर्षांपूर्वी दादाने कहर केला. त्याने एवढा उंच मनोरा उभारला की आमच्या बागेत कुठेही उभं राहिलं तरी तोच दिसायचा. माणसांना खुर्चीत बसवून वर न्यायचं आणि धाडकन खाली सोडायचं. गर्दी तिकडे लोटली. ताई शिडी लावून भिंतीवरून बघत राहायच्या आणि रोज थोड्या जास्त चिडून खाली उतरायच्या.

एक दिवस त्या माझ्या पायाशी उभ्या राहून म्हणाल्या, "येता हंगाम झाला की गुहा पाडायची. इथे मनोरा बांधू. दादाच्यापेक्षा दोन हात उंच."

"मग ते त्यावर खुर्ची ठेवतील," रंगारीणबाई म्हणाल्या. "मग तुम्ही खुर्चीवर स्टूल ठेवा. शेवटी दोघं ढगात बसून भांडा."

"चेष्टा सुचतेय तुम्हाला? लोकांना उंच हवंय. या म्हाताऱ्याला कोण घाबरतंय आता!"

"बाबांच्या हातचा आहे हो तो," फिटरकाका हळूच म्हणाले.

ताईंनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, लगेच काढला आणि निघून गेल्या. मोडीत जाणं म्हणजे काय ते मला माहीत होतं. जुन्या पाळण्यातले हत्ती ट्रकमधून जाताना मी गुहेच्या तोंडातून पाहिले होते.

हंगामाआधी दर वर्षी माझी वरवरची दुरुस्ती व्हायची. शेवटची का होईना, पण नीट करायची म्हणून फिटरकाकांनी माझ्या पोटातलं चाक काढलं, पुसलं आणि खिळ्याला टांगलं. कुठली बाजू पुढे हे कळावं म्हणून त्यावर खडूने बाण काढला आणि ते घरी जेवायला गेले. तेवढ्यात रंगारीणबाई आल्या. चाक थांबलेलं होतं. झालं! दोन्ही बाजूंनी झकास निळा रंग, आणि बाण गडप. काका परत आले, चाकाकडे बराच वेळ पाहत राहिले, डोकं खाजवलं आणि म्हणाले, "असंच होतं." कसं होतं ते त्यांना आठवत नव्हतं; पण विचारतील तर ते फिटरकाका कसले! चाक उलटं बसलं.

पहिल्या दिवशी पहिली होडी आली. मी नेहमीप्रमाणे झटक्यात मान वर करायला गेलो, तर मान हलली ती अगदी सावकाश. जबडा थोडा थोडा उघडत गेला. भात्यातून डरकाळी येईना, नुसतंच "आऽऽ... आऽऽ..." मान पार मागे गेली, तिथे क्षणभर अडकली, आणि मग झटक्यात खाली! "क्छीऽऽ!" नाकातला फवारा थेट होडीवर. पन्नास वर्षांची माझी अब्रू एका क्षणात धुऊन निघाली. मला वाटलं, आता गुहा आपणहून कोसळली तर बरं.

मग पुढे बसलेली एक मुलगी ओरडली, "अय्या, याला सर्दी झालीय!"

आणि होडी हसत सुटली. ती मुलगी म्हणजे दादाची नात. आजोबांची नजर चुकवून ती आपल्या आत्याआजीकडे यायची. उतरायला ती तयारच होईना. "परत! परत!" म्हणून तिने होडीची कड धरून ठेवली. दुसऱ्या होडीतल्या एका पोराने मला "अरे, रुमाल धर तोंडावर!" असा दम भरला. तिसरी होडी आली ती छत्र्या उघडूनच. मित्रांनो, माझ्यापुढे आजवर हजारो मुलं किंचाळली होती, पण माझ्यामुळे कुणी हसलं नव्हतं. ते हसणं ऐकून मला इतका आनंद झाला की त्या दिवशी मान कुरकुरलेलीही मला जाणवली नाही.

ताई धावत आल्या. "काका, हे काय करून ठेवलंत? आत्ताच्या आत्ता चाक सरळ करा!"

"उलटं नाहीच ते," फिटरकाका ठामपणे म्हणाले. "ही नवी पद्धत आहे."

"ताई, आधी बाहेर बघा," रंगारीणबाई म्हणाल्या.

गुहेबाहेरची रांग बेडकांच्या डब्यांना वळसा घालून फाटकापर्यंत गेली होती.

मग काय विचारता! रंगारीणबाईंना आठ दिवस झोप नव्हती. जुन्या पडद्यांचा एक अवाढव्य रुमाल शिवून त्यांनी तो माझ्या हातात दिला. गळ्यात मफलर आला. काखेत माणसाएवढा थर्मामीटर, आणि सिमेंटातल्या पायांभोवती मधून कापून बसवलेली गरम पाण्याची बादली. गुहेबाहेर उभं राहायची जागा होती, तिचा त्यांनी दवाखानाच करून टाकला. तिथे बाकं होती, नंबर पुकारणारी घंटा होती आणि प्लास्टरचे रोगी बसले होते. जिराफाचा घसा बसला होता, म्हणून त्याच्या नुसत्या मानेला सोळा पदरी पट्टी. गोमेच्या सगळ्या पायांना मोजे, त्यातला एक हरवलेला. तो कुठे पडलाय ते मुलं शोधत बसायची. तास कसा गेला ते कळायचं नाही. काही मुलं तर नंबर आला तरी म्हणायची, "थांबा ना, मोजा सापडत नाहीये!"

भिंतीपलीकडून दादा दुर्बीण लावून बघत होता. त्याच्या मनोऱ्यावर खुर्च्या रिकाम्या जाऊ लागल्या होत्या, आणि वर नात रोज गायब. एका सकाळी तो तिला न्यायला स्वतः आला. पोरगी होडीत बसलेली. "उतर आधी," म्हणत तिला धरायला त्याने एक पाय होडीत टाकला, दुसरा टाकला, आणि होडी सुटली.

वळणावर मी त्याला पाहिलं. केस पांढरे झाले होते, पण दोन्ही हातांनी कड धरून डोळे मिटून बसण्याची तऱ्हा तीच, सहा वर्षांच्या पोराची.

"आजोबा, डोळे उघडा ना," नात त्याच्या कानाशी म्हणाली. "तो काही करत नाही. बिचारा आजारी आहे."

दादाने एक डोळा उघडला. मी मान मागे नेली. आऽऽ... आऽऽ... मित्रांनो, मनापासून सांगतो, तशी शिंक मला पुन्हा जमली नाही. दादा नखशिखान्त भिजला. आणि मग जो हसत सुटला तो बाहेर उजेडात जाईपर्यंत. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्यातलं माझं किती आणि त्याचं किती, कोण सांगणार!

बाहेर ताई टॉवेल घेऊन उभ्या होत्या. गुहेच्या तोंडाशी ते दोघं बोलले ते मला स्पष्ट ऐकू आलं.

"चिमे, मी त्या दिवशी पळालो होतो, ते तू कुणाला सांगितलंस?"

"एकालाच. राक्षसाला."

"मग?"

"त्याने आजवर कुणाला सांगितलं नाही."

दादाने टॉवेलने केस पुसले. मग म्हणाला, "मान फार कुरकुरते गं त्याची. तेल कोण घालतं?"

ताईंनी खाली बघितलं. "कुणीच नाही. मी नुसती रंगवत राहिले."

"आणि मी नुसतं तेल घालत राहिलो," दादा म्हणाला.

गुहा पाडायची गोष्ट त्या दिवसापासून कुणी काढली नाही. आता भिंतीत एक दार आहे. एकाच तिकिटावर मुलं इकडून तिकडे पळतात. मनोऱ्यावरून पोटात गोळा आणून माझ्याकडे शिंक बघायला येतात. दादाने रंगारीणबाईंना मनोरा सजवायला सांगितला, तेव्हा "आधी तो थांबवा, मगच हात लावीन," असं त्यांनी बजावलं, आणि दादाने आयुष्यात पहिल्यांदा चालू यंत्र दोन दिवस बंद ठेवलं. आता तो मनोरा म्हणजे जिराफाची मान आहे, अर्थातच पट्टी बांधलेली. आणि दर सोमवारी बाग बंद असते, तेव्हा दादा तेलाचा डबा घेऊन माझ्याकडे येतो. आधी मान, मग गुडघे. तो डोळे उघडे ठेवून काम करतो, पण अजूनही माझ्या दातांकडे बघत नाही.

मित्रांनो, नव्या वस्तूंची हौस जरूर करा. मीही कधीकाळी नवा होतो. पण तुमच्या घरातलं जुनं काही कुरकुरत असेल, मग ते दार असो, सायकल असो की आजोबा असोत, तर रंग द्यायच्या आधी जरा विचारा, नेमकं कुठे दुखतंय? थोडं तेल, थोडी चौकशी, एवढ्यावर आम्ही पुष्कळ वर्षं काढतो.

आणि हो, दादाच्या पळण्याची गोष्ट मी पन्नास वर्षं पोटात ठेवली होती, ती आज तुमच्यापाशी बोलून बसलो. आता तुम्हीही ती पोटातच ठेवा. चला, होडी आली वाटतं. पुढे बसलेल्यांनी जरा मागे सरका. आऽऽ... आऽऽ...