उंबरखिंडीत काही नाही

“तिसऱ्यांदा च्या, आन दर कपाला तीन चमचे. रेशनची साखर हाय का नदीची वाळू?”

रतनबाई हे चुलीच्या तोंडाशी बोलली, धुराला सांगितल्यासारखं. शेजारी भाकरी थापणाऱ्या सुनेला, मुक्ताबाईला, तेवढं ऐकू गेलं. आणि बोलता बोलताच म्हातारीने कपात चौथा चमचा घातला. तोंड आपलं, तेव्हा कुरकुर करायची. पाहुणा सरकारचा, तेव्हा साखर घालायची. तिच्या लेखी या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नव्हता.

पाहुणा म्हणजे सुमंत ओव्हरसियर. नगरहून आलेला तरुण माणूस. उन्हाने नाक सोललेलं, पायात बूट, बोलणं गोड. तो देवळथडीला आबासाहेब पाटलांच्या, म्हणजे रतनबाईच्या नवऱ्याच्या, ओसरीवर उतरला होता आणि त्याच्या उशाशी नकाशांची नळकांडी होती. दुसरी मोठी लढाई संपली होती. आता सरकारला नदी अडवायची होती; शेताला पाणी हवं होतं आणि वीजही हवी होती. नदी एकच, पण बांध घालण्याजोग्या जागा दोन. वरची जागा खिंडीत, दोन डोंगर जवळ आले आहेत तिथे. तिथला बांध आखूड आणि उंच, पाणी उंचावरून पडणार, म्हणजे वीज भरपूर. पण त्यात उंबरखिंडी हे गाव जाणार. खालची जागा देवळथडीच्याही खाली, मोकळ्या रानात. तिथे लांबलचक मातीचा बांध, पाणी जास्त, वीज थोडी. त्यात देवळथडी जाणार.

कुठल्या बांधाने नुकसान कमी, ते बघणं हे सुमंतांचं काम. जमीन कशी, झाडं किती, विहिरींना पाणी आहे का, झरे कुठे, डोहात मासे आहेत का, गुरांना गवत पुरतं का, हे सगळं दोन्हीकडे बघायचं. ज्याचं कमी निघेल, ते पाण्याखाली घालायचं.

हे देवळथडीला ठाऊक होतं. आबासाहेबांना तालुक्याला कुणीतरी आधीच कानात सांगितलं होतं. उंबरखिंडीला कुणी सांगितलं नव्हतं. किंवा सांगितलं होतं, पण दुसरंच. आणि ते सांगायला मुक्ताबाई गेली होती.

मुक्ताबाई उंबरखिंडीची लेक. रतनबाईही तिथलीच, ती मुक्ताबाईची सख्खी आत्या. आपल्या भावाची मुलगी तिने आपल्या सहादेवाला करून आणलेली. म्हणजे एका घरात दोन पिढ्यांचं माहेर एकच. चैत्र सरताना एक दिवस रतनबाईने आपण होऊन तिला म्हटलं, “मुक्ते, म्हायेराला जाऊन ये. सूर्यभानाला सांग, लेव्हीचा नवा सायब येनार हाय. नुसती ज्वारी न्हाई, झाडं-विहिरीबी मोजतोय म्हनं. जपून ऱ्हावा म्हनावं.”

सासूने न मागता माहेरी धाडावं, इथेच खरं तर कुणालाही संशय आला असता. पण माहेरची वाट दिसली की बाईची अक्कल उंबऱ्याच्या आतच राहते. मुक्ताबाई गेली.

लढाई संपली तरी लेव्ही संपली नव्हती. ज्याचं रान चांगलं दिसेल त्याच्याकडून सरकार जास्त धान्य नेई. त्यामुळे सरकारी टोपी दिसली की गाव झाकायचं, हे उंबरखिंडीला कुणी शिकवावं लागत नव्हतं. तिचा भाऊ सूर्यभान या कामातला तर कलावंतच. त्याने ज्वारी जमिनीखालच्या पेवात घातली आणि वर शेण सारवून त्यावर म्हैस बांधली. विहिरींवरची मोट काढली, नाडे काढले, तोंडावर बाभळीच्या काटेरी फांद्या टाकल्या. चांगली गुरं देवराईत हाकली. देवराई म्हणजे गावामागचं देवाचं रान. आंबे, जांभळं, हिरडे, उंबर असे दाट की भर दुपारी आत गेलं तर अंगावर काटा यावा. त्यातला झरा वैशाखातही आटत नसे, आणि झऱ्याखालच्या डोहातल्या माशांना बाया लाह्या घालत. तिथली काडी मोडायला माणसं भीत. पण लढाईच्या दिवसांत शेजारच्या खोऱ्यातलं एक रान कोळशासाठी गेलं होतं, ते सूर्यभान विसरला नव्हता. त्याने ठरवलं, साहेबाला कातळाच्या अंगाने आणायचं, कातळाच्या अंगानेच परत घालवायचं.

मुक्ताबाईनेही हातभार लावला. भावजयीचं चांगलं लुगडं तिनेच पेटीत टाकायला लावलं आणि भाचीच्या कानातली फुलं काढून घेतली. खूप हसल्या त्या दोघी.

परत आली तर देवळथडी नवरीसारखी नटत होती. धान्याच्या कणग्या ओसरीवर आल्या होत्या. शेजारगावची बैलं दावणीला आणून बांधली होती. वाटेवरच्या दगडांना शेंदूर लागला होता. गावात इतके देव निघाले की गावालाच आपल्या भक्तीचं नवल वाटावं. लेव्हीचा साहेब येणार म्हणता, मग इथे सगळं उघडं का, असं तिने सासूला विचारलं. रतनबाईने तिच्याकडे न बघता सांगितलं की तव्यावरची भाकरी करपतेय.

भाकरी करपत नव्हती. मुक्ताबाईला तेव्हाच निम्मं कळलं. उरलेलं निम्मं कळू नये म्हणून तिने पुन्हा विचारलं नाही.

ते सुमंतांनी जेवताना सांगितलं. उंबरखिंडी बघून ते त्याच दिवशी परतले होते. आबासाहेब आणि सहादेव त्यांच्या पंगतीला, मुक्ताबाई वाढायला. गृहस्थ भला होता. त्याला बोलताना वाईटही वाटत होतं. देवळथडीसारखं भरलं गाव बुडवायचं म्हणजे पाप, असं तो म्हणाला. वरच्या गावात मात्र बुडण्यासारखं काही नाही. विहिरी बुजलेल्या, गुरं हाडाची, सगळा कातळ. माणसं बिचारी दुसरीकडे गेली तर सुखीच होतील.

आबासाहेबांनी दु:खाने मान हलवली. वरचे लोक आपले सोयरे आहेत, पण खरं ते खरं, असं काहीसं ते पुटपुटले आणि साहेबांना तूप वाढायला सांगितलं.

मुक्ताबाईच्या हातात तुपाचं भांडं होतं. तूप तिने वाढलं. एक थेंबही बाहेर सांडला नाही, याचं तिला पुढे कितीतरी दिवस नवल वाटत राहिलं.

“एकच शंका आहे,” सुमंत म्हणाले. “जुन्या नकाशात गावामागे दाट झाडी दाखवलीय. झराही आहे. तसं असेल तर मला पुन्हा जाऊन बघावं लागेल, कारण तेवढ्यावर सगळं फिरू शकतं. सूर्यभान म्हणतो, रान केव्हाच तुटलं. वहिनी, तुम्ही तिथल्याच ना? खरंच काही उरलं नाही?”

आबासाहेबांचा घास तोंडाशी थांबला. सहादेव ताटातलं मीठ बोटाने सारखं करत बसला. माजघराच्या दारात रतनबाई उभी होती आणि तिच्या पदराला मुक्ताबाईची धाकटी लोंबकळत होती. परसात याच वर्षी धरलेला लिंबू होता. सासऱ्यांनी नवीन बांधलेली विहीर होती, तिचं पाणी अजून चुन्याचं लागत होतं.

तिने सांगितलं असतं तर तो माणूस बूट घालून पुन्हा डोंगर चढला असता. तो तसाच होता.

“न्हाई जी,” मुक्ताबाई म्हणाली. “समदं तुटलं. मी ल्हान हुते तवाच.”

भावाचा शब्द खोटा पडू द्यायचा नाही, म्हणून आपण तसं म्हटलं, असं तिने खरकटी काढताना स्वत:ला समजावलं. समजूत चांगली होती. फक्त ती पोटात उतरत नव्हती. रात्री ती जेवली नाही. रतनबाईने एकदाही जेव म्हटलं नाही, आणि स्वत:ही जेवली नाही.

सुमंत दुसऱ्या सकाळी गेले. जाताना वहिनींच्या हातच्या चहाची तारीफ करून गेले.

त्यानंतर घरात धरणाचं नाव कुणी काढलं नाही. आबासाहेब पावसाचं बोलत, सहादेव बैलांचं. मुक्ताबाईने एकदा नवऱ्याला विचारलं, तुम्हाला आधीपासून ठावं होतं का. त्याने बराच वेळ पागोटं गुंडाळलं आणि म्हणाला की म्हैस आटायला आलीय. शेजीबाया पाण्याला भेटल्या की मुक्ताबाईची घागर आधी भरू देत. इतका मान तिला त्या गावात कधी मिळाला नव्हता.

वैशाखात सूर्यभान आला. डोक्यावर आंब्यांची पाटी, अंगात नवी बंडी, आणि आल्या आल्या हसायलाच लागला. मामांच्या, म्हणजे आबासाहेबांच्या, पाया पडला, आत्याच्या पाया पडला आणि ओसरीच्या मधोमध उभा राहून त्याने साहेबाला कसं बनवलं ते करून दाखवायला सुरुवात केली. गावातला एक म्हातारा कसा खोकत पुढे आणला, पोरांच्या अंगाला राख कशी फासली. साहेबाने विहिरीत डोकावलं तेव्हा आपण कसा सुस्कारा टाकला. देवराईतून गुरांच्या घंटा वाजायला लागल्या तेव्हा, डोंगरापल्याडच्या देवीची जत्रा आहे, असं कसं सांगितलं. साहेबाच्या डोळ्याला पाणी आलं होतं म्हणे. त्याने आपल्या डब्यातल्या दशम्या पोरांना वाटल्या.

सहादेव हसला, मग त्याचं हसू मधेच राहिलं. आबासाहेबांनी अडकित्ता काढला, सुपारी मात्र काढायची विसरले.

“खावा की आंबं,” सूर्यभान म्हणाला. “राईतलं हायेत. सायबाच्या वहीत नसलेल्या राईतलं.”

कुणी आंब्याला हात लावला नाही. धाकटी पुढे सरकली, तर रतनबाईने तिला मागे ओढलं. सूर्यभानाला वाटलं, पोरीला उष्णतेचं काही झालं असेल. त्याने पाटीच्या तळातून एक पुडकं काढलं आणि बहिणीसमोर धरलं. लुगडं होतं, हिरवं, काठाचं. कापड कंट्रोलवर मिळण्याचे दिवस. उंबरखिंडीतल्या किती घरांनी आपल्या वाट्याचं कापड सोडलं असेल तेव्हा ते एक लुगडं आलं असेल.

“गावानं धाडलंय,” तो म्हणाला, आणि आता तो हसत नव्हता. “तू वेळेवर सांगितलंस म्हनून गाव वाचलं, मुक्ते. दिल्या घरी जाऊनबी लेक म्हायेराला इसरली न्हाई, आसं समदी म्हनत्यात. पावसाच्या आदी वरच्या अंगाला नवी विहीर काढायची हाय. पयलं पानी तुज्या हातनं काढायचं ठरलंय. येशील न्हवं?”

मुक्ताबाईने लुगडं घेतलं नाही आणि नाकारलंही नाही. तिचे दोन्ही हात पदराखाली होते. सूर्यभान पुडकं पुढे धरून उभा. त्याने मामांकडे पाहिलं, मामांनी उन्हाकडे पाहिलं. सहादेव उठला आणि बैलांना पाणी दाखवायला निघाला. बैलांना पाणी तो मघाशीच दाखवून आला होता.

“काय झालंय?” सूर्यभानाने विचारलं. “कुनी गेलं का?”

“बस खाली, च्या ठेवते,” आबासाहेबांनी डोळ्यांनी खुणावलं तशी रतनबाई म्हणाली. ती चुलीपर्यंत गेली. साखरेचा डबा उघडल्याचा आवाज आला. मग झाकण न लावताच ती परत आली, भाच्याच्या हातातलं लुगडं तिने काढून घेतलं आणि पाटीवर, आंब्यांवर ठेवलं.

“हे मागारी घिऊन जा, सूर्यभाना. त्यो लेव्हीचा सायब न्हवता. दोन गावातलं कंचं धरनात घालायचं, ते बघाया आल्ता. आमी तुमचं घातलं.”