वरचा थर

आमचे सर रागावत नाहीत, ते फक्त मुलींची काळजी करतात. त्या काळजीपायी नागालँडच्या अभ्यासदौऱ्यातून माझं नाव गेलं आणि वर्गातल्या अमितचं आलं. वणीहून आई एसटीने खास नाशिकला येऊन सांगून गेली होती, "सर, पोरीला जाऊ द्या. मला काय भ्याव नाय." सर म्हणाले होते, "बघू." आणि बघितलं ते असं.

भूगर्भशास्त्र शिकणाऱ्यासाठी तो कोपरा म्हणजे काशी. उत्तरेला भारताची जमीन तिबेटच्या जमिनीला धडकते. दोघीही हलक्या, नीट बुडायला कुणी तयार नाही, म्हणून हिमालय उचलला जातो. पूर्वेला मात्र जड समुद्रतळ म्यानमारखाली सरकत गेला. या दोन्ही गोष्टींची गाठ ईशान्येला पडते. मी त्या गाठीचं वाचून डोळे फोडले आणि तिथे गेला कोण, तर नकाशात नागालँड शोधताना मणिपूरवर बोट ठेवणारा अमित!

परत आल्यावर त्याने पेढे वाटले आणि विभागात सगळ्यांना फोटो दाखवले. एका डोंगरात खाली गाळाचा खडक होता, वर काळपट हिरवा.

"वरचा थर अर्थातच नवा," अमित म्हणाला. सरांनी मान डोलावली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अरे, हा काय सप्तशृंगीचा डोंगर आहे? आपल्याकडे लाव्हावर लाव्हा साचला, म्हणून वरचा नवा. तिथे जुना समुद्रतळ खरवडला जाऊन नव्या गाळावर चढलाय. वरचाच जुना आहे!"

सरांनी चष्मा पुसून फोटो पुन्हा पाहिला.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "चैताली, अहवाल तूच नीट लिहून दे. नाव अमितचं राहील. शेवटी प्रत्यक्ष गेला तोच ना."

"मग चूकही प्रत्यक्ष गेलेल्याचीच राहू द्या, सर."

अमित पेढ्यांच्या बॉक्सकडे बघत बसला.

"उद्धटपणा नको," सर म्हणाले.

"दिवाळीनंतर दुसरा दौरा आहे. मला न्या. त्या डोंगरापुढे उभी राहून लिहीन, आणि माझ्या नावाने लिहीन."

सरांचा आवाज एकदम मऊ झाला. "बरं, आईला फोन लाव. त्यांचं काय म्हणणं आहे ते ऐकू."

मी फोन पर्समध्ये टाकला.

"आई सांगून गेलीय, सर. तुमचंच सांगायचं राहिलंय."